भाड्याचा मॉडेम परत करावा का?

अमेरिकेतल्या वाचकांकडून या खेपेला आलेल्या पत्रांत केबल मॉडेमचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. त्यातले सहा निवडले आहेत. टीव्हीच्या जाड गोल केबलमधून इंटरनेट घरात येत असेल, तरच पहिली पाच उत्तरं तुमच्या कामाची. फायबर असेल तर केबल मॉडेमचा काही उपयोग नाही.

प्रश्न : केबल कंपनीचा डबा सहा वर्षांपासून भाड्याने घेतलेला आहे. त्याचे बिलात महिन्याला १५ डॉलर लागतात. गेल्या वर्षी प्लॅन २०० वरून ५०० एमबीपीएसचा केला, तरी वेग २८०-२९० च्या पुढे सरकत नाही. स्वतःचा मॉडेम घ्यावा का? — एडिसन, न्यू जर्सी

घ्यावा. सहा वर्षांत तुमचे १,०८० डॉलर भाड्यात गेले आहेत. चांगला मॉडेम दीडशे ते दोनशे डॉलरमध्ये येतो, शंभरच्या आसपास राउटर, म्हणजे घरभर वाय-फाय पसरवणारा डबा. दीड-पावणेदोन वर्षांत पैसे वसूल होतात. फक्त हे १५ डॉलर बिलात वेगळे दाखवलेत ना, ते बघा. स्पेक्ट्रम ही कंपनी मॉडेमचं वेगळं भाडं घेत नाही आणि इतरही काही प्लॅनमध्ये डबा धरूनच दर असतो. तिथे डबा परत करून एक पैसाही वाचत नाही.

खरेदीआधी एक चाचणी करा. लॅपटॉप इथरनेट वायरने थेट डब्याला जोडा, वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. वायरवर ५०० येत असतील तर मॉडेम ठीक आहे, दोष वाय-फायचा आहे. मग मॉडेमवर खर्च करू नका. आकडा ९४ वर अडकला तर वायर बदलून बघा. आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली की जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते, आणि त्यातून प्रत्यक्षात ९४च मिळतात.

वायरवरही २९०च आले तर कारण जवळजवळ नक्की आहे. डॉक्सिस म्हणजे केबलवरून इंटरनेट नेण्याचं तांत्रिक मानक. डॉक्सिस ३.० चा मॉडेम केबलमधले ठरावीक चॅनेल एकत्र करून डेटा उतरवून घेतो. इथला एक चॅनेल ६ मेगाहर्ट्झचा, त्यातून हाती लागतात साधारण ३८ एमबीपीएस. जुने मॉडेम आठ चॅनेलचे असत. आठ गुणिले अडतीस म्हणजे ३०४. प्लॅन वाढला, डबा तोच राहिला.

घेताना डॉक्सिस ३.१ च घ्या. ३.० चे २४ किंवा ३२ चॅनेलवाले स्वस्तात दिसतात, पण आज त्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. त्यातही इंटेलच्या प्यूमा ६ चिपवरचे टाळाच. ॲरिसचा एसबी६१९० हा त्यातलाच. मोठा ३२चा आकडा बघून लोकांनी तो घेतला, पण त्यात डेटा मधेच क्षणभर थबकतो आणि व्हिडिओ कॉलवर किंवा गेम खेळताना ते लगेच जाणवतं. ब्रॉडकॉम चिपचे ॲरिस एसबी८२०० किंवा मोटोरोला एमबी८६११ यांत हा त्रास नाही. काहीही निवडलंत तरी कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत आपला पत्ता आणि प्लॅन घालून ते मॉडेल तपासा. यादीत नसलेला मॉडेम कंपनी बहुधा चालूच करून देणार नाही.

भाड्याच्या डब्यात मॉडेम आणि राउटर एकत्र असतात. स्वतःचे घेताना दोन्ही वेगळे घ्या. वाय-फायचं तंत्र चार-पाच वर्षांत पुढे जातं, मॉडेम त्याहून जास्त टिकतो. एकत्र घेतलेत तर एक जुनं झालं की दोन्ही टाकावे लागतात.

आता बसवायचं. मॉडेमच्या तळाच्या लेबलचा आधी फोटो काढा. त्यावर कधीकधी दोन मॅक पत्ते (उपकरणाची ओळख पटवणारे क्रमांक) असतात, कंपनीला ‘सीएम मॅक’ लिहिलेला द्यायचा. केबलचं टोक नीट बघा. मधली तांब्याची तार सरळ हवी आणि कडेच्या बाहेर सुमारे ३ मिलिमीटर आलेली हवी. वाकडी तार तशीच दामटली की मॉडेमचं तोंड खराब होतं. टोक बोटांनी घट्ट फिरवा, मग ७/१६ इंची पान्याने हलका पीळ द्या. वीज जोडल्यावर पंधरा-वीस मिनिटं मॉडेमला हात लावू नका. तो चॅनेल शोधतो, कंपनीकडून फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) उतरवून घेतो, मधे आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याच वेळी ‘बिघडलाय’ म्हणून वायर काढली की सगळं पहिल्यापासून. त्यानंतर कंपनीच्या ॲपवरून किंवा फोन करून तो चालू करून घ्या.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी अडकतात. लॅपटॉपवर इंटरनेट चालतं, मग तीच वायर राउटरला लावली की चालत नाही. मॉडेम पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता धरून ठेवतो. म्हणून राउटर जोडण्याआधी मॉडेमची वीज काढा, वायर राउटरच्या ‘वॅन’ तोंडाला लावा, मॉडेम चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलात, स्पेलिंग आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट, तर घरातले कॅमेरे, प्लग, टीव्ही, प्रिंटर यांना काही सांगावं लागत नाही.

जुना डबा आठवडाभर ठेवा. नवा नीट चालला की अडॅप्टरसकट परत द्या आणि सीरियल नंबर छापलेली पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘उपकरण परत आलं नाही’ म्हणून नंतर पैसे लावले गेले तर तीच कामाला येते. पुढची दोन बिलं तपासा. तुम्ही परत केलेल्या उपकरणाचं भाडं लावायला २०१९ च्या टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्टने बंदी आहे. ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे.

प्रश्न : नवा ३.१ मॉडेम घेतला, वेग उत्तम. पण दिवसातून चार-पाचदा इंटरनेट जातं, पाऊस पडला की जास्त. कंपनी म्हणते, मॉडेम तुमचा आहे, तुम्हीच बघा. मॉडेमच्या पानावर खाली येणारं सिग्नल उणे ११, वर जाणारं ५२ दिसतं. तळघरात केबलचे फाटे करणारा चार तोंडांचा स्प्लिटर आहे. — नेपरव्हिल, इलिनॉय

तुम्ही आकडे पाठवलेत, त्यामुळे नेमकं सांगता येतं. मॉडेम बदलू नका.

ज्यांनी हे पान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की बहुतेक मॉडेम आपली तब्येत दाखवतात. खाली येणारं सिग्नल उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असलं तर चांगलं. नियमाने उणे १५ पर्यंत चालतं, पण काठावर. सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर ३३ डेसिबलच्या वर हवं. वर जाणारं सिग्नल पस्तीस ते अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. हा आकडा जितका मोठा तितकं वाईट, हे नीट समजून घ्या. वाटेत जितकी गळती, तितका मॉडेमला कंपनीपर्यंत आवाज पोचवायला ओरडावं लागतं. ५२ म्हणजे तो जवळजवळ पूर्ण ताकदीने ओरडतोय. पावसाने बाहेरच्या जोडात थोडं पाणी गेलं, अजून दोन डेसिबल गळाले, की आवाज पोचत नाही आणि जोडणी तुटते.

चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर सुमारे ७ डेसिबल खातो, दोन तोंडांचा साडेतीन. स्प्लिटर पूर्ण काढून मॉडेम थेट मुख्य केबलला जोडलात तर तुमचे आकडे उणे ४ आणि ४५ च्या आसपास येतील. टीव्हीसाठी एक फाटा ठेवायचाच असेल तर दोन तोंडांचा लावा : उणे साडेसात आणि साडेअठ्ठेचाळीस. चालेल, पण थेट जोडणं केव्हाही चांगलं. नवा स्प्लिटर घेताना त्यावर ५-१००० किंवा ५-१००२ मेगाहर्ट्झ छापलंय का बघा. ९५०-२१५० लिहिलेला डिश अँटेनाचा असतो, तो इथे चालत नाही. मोकळं तोंड राहिलंच तर त्यावर ७५ ओहमचं टोपण फिरवा.

सिग्नल कमी म्हणून बाजारातून अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा डबा) आणून लावू नका. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि ओल्या जोडाचं दुखणं तसंच राहतं.

भिंतीत आरजी-५९ ही जुनी, बारीक केबल आहे का तेही बघा, वेष्टणावर छापलेलं असतं. लांब अंतराला ती आरजी-६ पेक्षा बरंच जास्त सिग्नल खाते. घराबाहेरच्या पेटीतला जोड हिरवट किंवा पांढुरका पडला असेल तर गंज आहे. मॉडेम थेट मुख्य केबलला लावूनही पावसात आकडे घसरत असतील, तर दोष खांबापासून तुमच्या पेटीपर्यंतच्या भागात आहे आणि तो भाग कंपनीचा. कोरड्या दिवशीचे आणि पावसातले अशा दोन वेळचे फोटो काढून ठेवा आणि तंत्रज्ञ आला की तेच पुढे करा. आकडे समोर असले की ‘मॉडेम तुमचा’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

प्रश्न : डाउनलोड ४००, अपलोड फक्त १०. सकाळी पुण्याला आई-बाबांशी व्हिडिओ कॉल लावला की आमचं चित्र गोठतं. महागडा मॉडेम घेतला तर अपलोड वाढेल का? — केरी, नॉर्थ कॅरोलायना

नुसत्या मॉडेमने नाही. जुन्या रचनेत वर जाणाऱ्या डेटाला केबलमधली ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद पट्टी दिलेली आहे, बाकी सगळी खाली येणाऱ्याला. कंपन्या आता भागाभागात ही पट्टी ८५ पर्यंत, काही ठिकाणी २०४ पर्यंत रुंद करताहेत. तुमच्या भागात ते झालं असेल तर त्या पट्टीला चालणारा मॉडेम लागतो आणि सगळे ३.१ मॉडेम त्यासाठी मान्य नाहीत. कंपनीच्या यादीत तसा स्पष्ट उल्लेख शोधा. शिवाय घरात जुना केबल अँप्लिफायर असेल तर तो ४२ च्या वरचं सिग्नल वर जाऊच देत नाही. नवा मॉडेम लावूनही अपलोड तसंच राहण्याचं हे न सुचणारं कारण आहे.

आणि खरं सांगायचं तर कॉलला १० पुरतात. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस फार झाले. चित्र गोठतं ते त्याच वेळी कुणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात म्हणून. अपलोडची रांग लागते आणि कॉलचा डेटा तिच्या शेपटाला उभा राहतो. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ (कुठला डेटा आधी जावा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा साडेआठ-नऊ एमबीपीएसवर बांधा. मग रांग राउटरमध्येच लागते आणि राउटर कॉलला पुढे काढू शकतो. आधी हे करून बघा, यात खर्च काहीच नाही.

प्रश्न : वापरलेला मॉडेम ४० डॉलरला मिळतोय. घ्यावा का? — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

पैसे देण्याआधी मॅक पत्ता मागा आणि कंपनीला फोन करून तो जोडता येईल का विचारा. तो जुन्या मालकाच्या खात्यावर राहिला असेल, किंवा मुळात कंपनीचाच भाड्याचा असेल, तर तो चालू होणार नाही. विकणारा मॅक द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

प्रश्न : लँडलाइनही याच डब्यातून आहे. डबा परत केला तर? — प्लेनो, टेक्सास

फोन बंद पडेल. साध्या मॉडेमला फोनचं तोंड नसतं. तसं तोंड असलेला मॉडेम कंपनीच्या यादीत मिळतो, पण निवड थोडी आणि किंमत जास्त. नंबर इंटरनेट फोनच्या सेवेकडे नेणार असाल तर तो तिकडे पूर्ण पोचेपर्यंत जुनी लाइन तोडायला सांगू नका, नाहीतर नंबर हातचा जातो. नव्या सेवेत आणीबाणीच्या ९११ साठी घरचा पत्ता लगेच नोंदवा. घरात वयस्कर माणसं असतील तर मॉडेम, राउटर आणि फोनचा अडॅप्टर तिन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. वीज गेली की हे फोन मुके होतात.

प्रश्न : आमचा जुना मॉडेम आणि राउटर चांगले आहेत. डिसेंबरात नाशिकला जाताना आई-बाबांसाठी नेले तर चालतील का? — सिएटल, वॉशिंग्टन

मॉडेम नेऊ नका. नाशिकला घरात बहुधा फायबर असेल, आणि आई-बाबा ज्याला ‘मॉडेम’ म्हणतात तो ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो डबा, असतो. त्याचा सीरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, त्याजागी दुसरा डबा लावून चालत नाही. मुंबई-पुण्यात काही ठिकाणी केबलच्या तारेवरूनही इंटरनेट मिळतं, पण तिथेही कंपनी आपलाच डबा देते.

राउटर मात्र जरूर न्या. अडॅप्टरवर ‘१००-२४० व्होल्ट’ छापलंय का बघा. नुसतं १२० असेल तर तो २३० व्होल्टवर जळेल, तिथेच जुन्यावर ‘आउटपुट’ म्हणून छापलेत तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा नवा घ्या. राउटर ओएनटीला इथरनेट वायरने जोडा आणि ओएनटीचं वाय-फाय बंद करा. इंटरनेट ओएनटीऐवजी साध्या वायरने घरात येत असेल तर राउटरमध्ये ‘पीपीपीओई’ (लॉग-इन करून जोडण्याची पद्धत) निवडून युजरनेम-पासवर्ड घालावा लागतो. तो केबलवाल्याकडून आधीच मागून ठेवा, सुट्टीत माणूस सापडत नाही.

ओएनटी सरकवताना फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी दुमडू नका, कपाटामागे चेपू देऊ नका. ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर आधी तीच तपासा. तिच्या टोकाची खुंटी हिरवी असेल तर ती हिरव्या तोंडातच जाते. निळ्यात घातली तर बसते, पण कापाचा कोन जुळत नाही आणि प्रकाश गळतो.