सांगलीत राहून स्लॅम पोएट्रीत करिअर होऊ शकतं का?

तुम्ही विचारलंय, बी.कॉम. झालंय, कविता लोकांना आवडतात, तर नोकरी न शोधता पूर्णवेळ स्लॅम पोएट्रीत, म्हणजे श्रोत्यांसमोर कविता सादर करून गुण मिळवायच्या स्पर्धेत, उतरू का? मी सांगलीत नोकरी सांभाळून कविता सादर करते आणि कार्यक्रमही भरवते. माझं म्हणणं, उतरा, पण नोकरी शोधूनच.

हे ज्याने सुरू केलं तो मार्क स्मिथ शिकागोत बांधकामावर काम करायचा. काव्यवाचनं कंटाळवाणी होतात, हे त्याला खुपायचं. 1986 मध्ये ग्रीन मिल या जॅझ क्लबात त्याने स्लॅम लावला. पुढे नियम बसले ते असे: श्रोत्यांतूनच पाच परीक्षक उचलायचे, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण सोडून बाकी तिघांची बेरीज धरायची. वेळ तीन मिनिटं. वाद्य नाही, वेशभूषा नाही. 1990 ला सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्रीय स्पर्धाही झाली. आज त्याच्या कविता किती जणांना माहीत असतील? नाव राहिलं ते ग्रीन मिलमधल्या रविवारच्या स्लॅमच्या बैठकीमुळे. म्हणून म्हणते, नुसते कवी राहू नका, बैठक लावायला शिका.

आपल्याकडे श्रोत्यांची वानवा नाही. पठ्ठे बापूराव याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. सवाल-जवाबात कोण भारी पडलं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आम्ही परीक्षकांना पाटी-खडू देतो. एकदा नुसतं डोकवायला आलेल्या एका काकांच्या हाती पाटी दिली. हॉल टाळ्या वाजवतोय आणि काकांनी लिहिले साडेचार! वर म्हणाले, "आवाज झ्याक हाय, पण पोरगं म्हणतंय काय?" पोराने पुढच्या खेपेला निम्मी कविता छाटून आणली. मासिकाकडून 'साभार परत' येतं तेव्हा इतकं स्पष्ट कारण कुठे मिळतं?

पैशाचं म्हणाल, तर तिकिटांतून हॉल आणि साउंडचं भाडं सुटलं तरी गंगेत घोडं न्हालं. मिळकत होते ती आजूबाजूच्या कामांतून: कॉलेजातल्या कार्यशाळा, सूत्रसंचालन, जाहिरातींचं लेखन. ही कामं ओळखीतून येतात, आणि ओळखी कार्यक्रम भरवणाऱ्याच्या जास्त होतात.

सुरुवातीला महिन्यातला एकच वार धरा आणि तो चुकवू नका. कविता घड्याळ लावून पाठ करा. मोबाईलमध्ये बघून वाचलीत, तर आमचा श्रोता दुसऱ्या कडव्यालाच चहाला उठतो.