पहिली पावडर मोजण्याआधी

नवीन रायफलीसाठी स्वतः काडतुसं भरायची म्हटलं की थेट गोळीच्या वेगाच्या मागे लागावंसं वाटतं, पण आधी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, समजून घे. खास बनवून घेतलेल्या रायफलीत चेंबरची मान, म्हणजे काडतुसाचा गोळी धरणारा अरुंद भाग जिथे बसतो ती जागा, अनेकदा घट्ट ठेवलेली असते. बनवणाऱ्याकडून तिचा व्यास लेखी घे. गोळी बसवलेल्या काडतुसाच्या मानेचं माप त्यापेक्षा किमान दोन हजारांश इंच कमी भरलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर मान गोळीला मोकळं सोडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. तसं असेल तर आधी काडतुसाची मान खरवडून पातळ कर. यात तडजोड नको, मी अगदी मनापासून सांगतोय.

नळीचा पीळही बघ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा. बावीस-दोनशेपन्नास (.22-250) या काडतुसाच्या जुन्या पद्धतीच्या नळीत 14 इंचांत एक फेरा असतो. तिथे लांब, जड गोळ्या स्थिर राहत नाहीत.

सुरुवात छापील लोड मॅन्युअलमधल्या (कोणत्या काडतुसात किती पावडर भरायची ते सांगणारं पुस्तक) किमान मात्रेपासूनच. दुसऱ्याची कमाल मात्रा उचलू नकोस. छोट्या काडतुसात 0.2 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) वाढही जाणवते, म्हणून त्याच पायरीने चढ. गोळी झाडल्यावर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) जड उघडला किंवा काडतुसाच्या बुडावर चकचकीत ठसा दिसला तर दाब जास्त आहे; तिथेच थांब, खाली उतर. प्रायमर (बुडातली पावडर पेटवणारी टोपी) चपटा दिसणं ही एकटी खूण पुरेशी नाही. पावडर, प्रायमर, पितळी पुंगळी यांतलं काहीही बदललं तर पुन्हा खालून सुरू.

आणि सतरा कॅलिबर (सुमारे 0.17 इंचाची बारीक नळी) असेल तर नळी लवकर मळते. लक्ष्यावरचे गोळ्यांचे गट अचानक विखुरले तर मात्रेला हात लावण्याआधी ती साफ करून बघ.