न दुखणारं दुखणं

प्रिय मित्रा,

बेचाळिसाव्या वर्षी बीपीची गोळी लागली याचा तुला राग आलाय, ते पत्रात ओळीओळीला दिसतं. राग असू दे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तीन आठवडे अॅम्लोडिपिन घेतलं, आकडे उतरले, म्हणून आपल्या मनाने बंद केलं. त्यानंतरही तीन दिवस वरचा आकडा १२८-१३० च्याच आसपास राहिला. तर मग गोळीची गरजच नव्हती ना, असं तू विचारतोस.

गरज होती. ते तीन दिवसांचे आकडे गोळीचेच होते. अॅम्लोडिपिन अंगातून फार सावकाश उतरतं. निम्मं औषध जायलाच ३० ते ५० तास लागतात. बटण बंद केल्यावर इस्त्री काही वेळ तापलेलीच राहते, तसं. पुरता अंमल उतरायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तोवर माणसाची खात्री पटलेली असते की आपण बरे झालो. मग मशीन कपाटात जातं. बीपी चढायला लागतं ते त्यानंतर, आणि चढताना काहीच जाणवत नाही. सुरुवातीलाही हेच उलट्या बाजूने होतं: गोळी चालू केल्यावर चौथ्या दिवशी ‘काही फरकच नाही’ म्हणून वैतागू नकोस, दोन ते चार आठवडे दे.

अॅम्लोडिपिन अचानक थांबवलं तर निदान झटका बसत नाही. बीपीचीच दुसरी औषधं, मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन, असं एकदम सोडणं धोक्याचं आहे. दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तशी नाडी आणि बीपी उसळतात, आणि हृदयाला आधीच त्रास असेल तर ते महागात पडतं. ही औषधं बंद करायचीच असतील तर डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. उद्या तुझी गोळी बदलली तर ती कोणत्या गटातली आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव.

‘मला तर काहीच होत नाही’ हे वाक्य पत्रात दोनदा आलंय. बरोबर आहे, काही होत नाहीच. डोकं दुखतं तेव्हा बीपी वाढलेलं असतं आणि दुखत नाही तेव्हा नसतं, हा समज जितका पसरलेला तितकाच चुकीचा. १७० घेऊन माणूस दिवसभर मजेत काम करतो. नुकसान आतून, वर्षानुवर्षं चालतं: हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात, मेंदूतल्या आणि डोळ्यांच्या पडद्यातल्याही. म्हणून इथे जाणवण्यावर विसंबता येत नाही, मोजावंच लागतं. आणि मोजणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मनगटाचं मशीन नको. दंडाला पट्टा लावायचं, अचूकतेची चाचणी पास झालेलं घे. दंडाच्या मधोमध टेपने घेर मोज आणि पट्ट्यावर छापलेला आकडा बघ. २२ ते ३२ सेंटीमीटर, ३२ ते ४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर वरचा आकडा ५ ते २० ने फुगतो. म्हणजे नुसत्या पट्ट्यापायी एखाद्याची गोळी वाढू शकते.

मापण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन ये. भरलेल्या मूत्राशयानेही बीपी चढतं. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, आणि आत दोन बोटं सरकतील इतपत घट्ट. शर्टाची बाही वर गुंडाळलीस तर तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढ. हात टेबलावर टेकलेला हवा आणि पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर. तो १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठने जास्त येतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन त्यात मिळतं. मशीन चांगलं असूनही घरातले आकडे फसतात ते बहुतेक इथेच: हात मांडीवर लोंबत असतो.

आता पाच मिनिटं गप्प बस. फोन बाजूला. मशीन चालू असताना बोलायचं नाही, ‘किती आलं?’ या प्रश्नाला ‘थांब’ एवढंही नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा माप आणि दोन्ही आकडे लिही. पहिला मोठा आला म्हणून खोडायचा, तिसरा-चौथा घेत बसायचं आणि त्यातला आवडलेला वहीत उतरवायचा, हे करू नकोस. तशा वहीवरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

अगदी पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर माप. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे कायम धरायचा. फरक सारखा १५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांग.

रोज मापायची गरज नाही. भेटीआधीचे सात दिवस पुरे: सकाळी गोळी आणि नाश्ता घेण्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून दे, उरलेल्या चोवीसांची सरासरी काढ. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची समजतात. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संघटनांनी २०१७ साली बीपीची रेषा १३०/८० वर आणली, बऱ्याच ठिकाणी ती १४०/९० वरच राहिली. त्यामुळे वाचशील तिथे वेगळा आकडा दिसेल. उपचार सुरू झाल्यावर तुझ्या वयाला साधारणपणे १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न असतो, सोसेल तर. तुझं नेमकं लक्ष्य डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. आणि सुट्या आकड्यांवरून काळजी करणं सोड. बीपी झोपेत उतरतं, जिना चढताना चढतं, थंडीत वाढतं, उन्हाळ्यात घटतं, ते हलायचंच.

गोळी सकाळी की रात्री? २०२२ साली ‘टाइम’ नावाच्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात २१ हजारांहून जास्त माणसं होती, आणि हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांत सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळीत फरक निघाला नाही. तेव्हा जी वेळ चुकणार नाही ती तुझी. फक्त लघवी वाढवणारी गोळी असेल तर सकाळीच घे, नाहीतर रात्री दोनदा उठशील. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घेऊन टाक. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची गेली. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. सात खणांची डबी आण. ती म्हाताऱ्यांसाठी असते असं वाटत असेल तर वाटू दे, पण ‘आज घेतली की नाही’ याचं उत्तर तिच्याइतकं सरळ कोणी देत नाही.

घोट्यांवर सूज आलीय म्हणतोस, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो. हे अॅम्लोडिपिनचं नेहमीचं. ते बारीक धमन्या सैल करतं, शिरा तितक्या सैल करत नाही; मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभरात पायाशी साचतं. अंगात पाणी वाढलंय असा याचा अर्थ नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० वर ती जास्त दिसते. उपाय दोन: डोस कमी करणं, किंवा टेल्मिसार्टन-लोसार्टनसारखं औषध जोडीला देणं, कारण ते शिराही सैल करतं. दोन्ही डॉक्टरांनी करायचे. मात्र एकाच पायाला सूज असेल, दुखत असेल किंवा बरोबर दम लागत असेल, तर गोळीच्या नावावर ढकलू नकोस, त्याच दिवशी दाखव.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटात काहींना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो, कधी औषध सुरू होऊन काही महिन्यांनीसुद्धा. खोकल्याची बाटली त्यावर चालत नाही, गोळी बदलावी लागते. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र गोळी थांबव आणि तडक हॉस्पिटल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं, युरिक अॅसिड चढू शकतं. युरिक अॅसिडच्या संधिवाताचा (गाउटचा) झटका येऊन गेला असेल तर आधीच सांग. आणि शरीरसंबंधात अडचण जाणवली तर तीही बोल. यात बीपीचाही हात असू शकतो, गोळीचाही. बहुतेक वेळा पर्याय सापडतो. लाजून गुपचूप गोळी सोडणारे पुष्कळ असतात.

दुसरी गोळी जोडली म्हणजे आजार बळावला, असंही धरून बसू नकोस. नेहमीच्या डोसच्या निम्म्यातच जवळजवळ चार पंचमांश परिणाम मिळून जातो. पुढे डोस दुप्पट केला की फायदा थोडा आणि त्रास मात्र वाढतो. म्हणून दोन वेगळ्या वाटांनी काम करणारी थोडीथोडी औषधं एकत्र देतात, अनेकदा एकाच गोळीत. सार्टन किंवा प्रिल गटातलं काही सुरू झालं तर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नकोस. क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं दिसेल; ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. रिपोर्टवरची लाल खूण बघून परस्पर गोळी बंद करायची नाही.

आता गोळीच्या आड येणाऱ्या गोष्टी. पाठ दुखली की तू आयबुप्रोफेन घेतोस, त्याने बीपी वाढतं आणि या औषधांचा जोर कमी होतो. डायक्लोफिनॅकचंही तेच. सार्टन, लघवीची गोळी आणि असली वेदनाशामक गोळी एकत्र आली तर मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल बरी, पण पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन आहे का बघ, त्यांनीही बीपी चढू शकतं. जेष्ठमध रोज चघळायची सवय असेल तर सोड, त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम घटतं. मिठाचा खाऊन-पिऊन हिशेब दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. ‘कमी सोडियमचं मीठ’ विकत घेण्याआधी थांब. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि सार्टन-प्रिल घेणाऱ्याने किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याने ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही. वजन, चालणं, दारू याबद्दल तुला सगळे सांगतच असतील. एवढंच म्हणतो की एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. दहा किलोंचं काम जवळपास एका गोळीएवढं होतं.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर सार्टन, प्रिल आणि लघवीची गोळी त्या एक-दोन दिवसांपुरती थांबवायची का, हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेव. बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर २४ ते ४८ तासांत परत सुरू करायला सांगतात. परत सुरू करायचं विसरतात, घोळ तिथे होतो. उभं राहताना अंधारी येत असेल तर बसून माप, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी माप. वरचा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर कळव.

कधी १८०/१२० दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा माप. तेवढंच असेल आणि छातीत दुखणं, दम, एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं, दिसण्यात फरक, यांपैकी काहीही असेल तर वेळ न घालवता हॉस्पिटल. असं काहीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. कुणाच्या सांगण्यावरून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवू नकोस. बीपी धाडकन कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो.

तीन औषधं देऊनही, त्यात एक लघवीचं असूनही, आकडा उतरत नसेल तर मुळाशी दुसरं काही आहे का हे शोधतात: झोपेत श्वास अडकणं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतलं जास्तीचं अल्डोस्टेरॉन (अंगात मीठ धरून ठेवणारं हॉर्मोन), मूत्रपिंडाच्या धमनीचं अरुंद होणं. तू घोरतोस आणि दिवसा पेंगतोस, ते सांगितलंयस का? पण या सगळ्याआधीचा प्रश्न साधा असतो: गोळ्या खरंच पोटात जातायत का? महिन्यात आठ चुकल्या असतील तर आठ म्हण. ‘नेमाने घेतो’ म्हटलंस तर डॉक्टर डोस वाढवणार, आणि पुढे कधी घाबरून सगळ्या वेळेवर घ्यायला लागलास की चक्कर येऊन पडशील.

पुढच्या भेटीला मशीन बरोबर ने, तिथल्या यंत्राशी ताडून घे. चोवीस आकड्यांची सरासरी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं (दुसऱ्या दुखण्यांचीही), आणि परस्पर बंद केलेल्या गोळीची तारीख. ‘खरं बीपी दिसू दे’ म्हणून त्या सकाळी गोळी टाळू नकोस. डॉक्टरांना बघायचं असतं ते गोळी चालू असतानाचं बीपी. रिकाम्या पोटी रक्त द्यायचं असलं तरी बीपीची गोळी घोटभर साध्या पाण्याबरोबर सहसा चालते.

तुझा,
जुना स्नेही