विंगवर गेलेल्या आघाडीपटूस

प्रिय खेळाडू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नव्या प्रशिक्षकांनी तुला मधल्या आघाडीवरून उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला हलवले, त्यामुळे गोल आटले आणि आता संघच सोडावा असे तुझ्या मनात घोळते आहे, असे तू लिहितोस. काही ठरवण्यापूर्वी उरुग्वेचा फुटबॉलपटू एडिन्सन कवानी याची कारकीर्द नीट पाहून घे, असा माझा आग्रह आहे. तू आज ज्या अवस्थेत आहेस, त्या अवस्थेत त्याने ऐन उमेदीची तीन वर्षे काढली आहेत.

कवानीचा जन्म 1987 मध्ये साल्टो या गावी झाला. त्याच गावात, त्याच्या केवळ तीन आठवडे आधी, पुढे उरुग्वेच्या आघाडीत त्याचा जोडीदार झालेला लुईस सुआरेझही जन्मला. मोंटेव्हिडिओच्या दानुबिओ संघातून कवानी 2007 मध्ये इटलीतील पालेर्मोकडे आणि तेथून नापोलीकडे गेला. नापोलीत तीन हंगामांतील 138 सामन्यांत त्याने 104 गोल केले. 2012-13 मध्ये 29 गोलांसह तो इटालियन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर फ्रान्समधील पॅरिस सेंट जर्मेन संघाने सुमारे 6 कोटी 40 लाख युरो मोजून त्याला घेतले, पण तेथे मधली जागा स्वीडनचा आघाडीपटू झ्लाटान इब्राहिमोविच याची होती. इटली गाजवलेल्या कवानीला बहुतेक वेळा कडेने खेळावे लागले आणि प्रतिस्पर्ध्याचा बगलेचा बचावपटू पुढे सरकला की त्याच्यामागे स्वतःच्या गोलपर्यंत धावत यावे लागले. त्या तीन हंगामांत फ्रेंच लीगमधील त्याचे गोल 16, 18 आणि 19 असे होते. हे आकडे वाईट नव्हते, मात्र नापोलीतील कवानीला शोभणारेही नव्हते. 2016 मध्ये इब्राहिमोविच गेला, मधली जागा मोकळी झाली आणि पुढच्याच हंगामात कवानीने लीगमध्ये 35 व सर्व स्पर्धा मिळून 49 गोल केले. जानेवारी 2018 मध्ये त्याने इब्राहिमोविचचा 156 गोलांचा क्लब-विक्रमही मागे टाकला.

माझ्या मते विंगवरची ती वर्षे त्याच्या खेळातून कधी पुसली गेली नाहीत. 30 जून 2018 रोजी सोची येथे पोर्तुगालविरुद्ध झालेल्या विश्वचषक सामन्यातील त्याचा पहिला गोल पुन्हा पुन्हा पाहा. उजवीकडून त्याने मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या सुआरेझकडे लांब तिरका पास दिला आणि चेंडू हवेत असतानाच स्वतः धावत सुटला. सुआरेझचा क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेला चेंडू, गोलच्या पलीकडच्या पोस्टपाशी उतरला तेव्हा कवानी तेथे पोहोचलेला होता. विंगवरच्या खेळाडूचा पास आणि मधल्या आघाडीपटूचा शेवट, दोन्ही एकाच माणसाचे! त्या सामन्यात दोन गोल करून तो दुखापतीमुळे बाहेर पडला, फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळू शकला नाही आणि उरुग्वेचे आव्हान तेथेच संपले.

त्याने सोप्या संधीही पुष्कळ घालवल्या, हेही तुला ठाऊक असावे. सप्टेंबर 2016 मध्ये आर्सेनलविरुद्ध पहिल्याच मिनिटात गोल केल्यानंतर त्याच सामन्यात त्याने एकामागून एक संधी दवडल्या आणि सामना 1-1 असा सुटला. टीका झाली, तरी गोल हुकल्यावर पुढची धाव आखडती घेण्याची सवय त्याला कधी लागली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये वयाच्या 33व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडकडून साउदम्प्टनविरुद्ध तो राखीव खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा संघ 0-2 असा मागे होता. डोक्याने दोन गोल करून आणि एका गोलसाठी पास देऊन त्याने तो सामना 3-2 असा फिरवला.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. संघ कधीच सोडू नये, असे मी म्हणणार नाही, कारण कवानीनेही शेवटी संघ सोडलाच. 2019 मध्ये पॅरिसने माउरो इकार्डी या दुसऱ्या आघाडीपटूला आणले, कवानी बाकावर बसू लागला आणि जानेवारी 2020 मध्ये त्याने अॅटलेटिको माद्रिदकडे जाण्याचा प्रयत्न केला. तो व्यवहार झाला नाही. त्याच उन्हाळ्यात करार संपल्यावर, 301 सामन्यांत 200 गोल करून, तो बाहेर पडला. पूर्वी त्याची जागा बदलली होती, पण तो दर आठवड्याला मैदानावर होता. या वेळी मैदानच सुटत चालले होते. तू अजून प्रत्येक सामन्यात नव्वद मिनिटे खेळतो आहेस, म्हणून तुझी स्थिती पहिल्या प्रकारची आहे असे मी मानतो.

तेव्हा हा हंगाम तेथेच पूर्ण कर. डावीकडून क्रॉस येत असताना तू रेषेला चिकटून उभा राहतोस, ते सोड आणि बचावपटूच्या पाठीमागून पलीकडच्या पोस्टकडे धाव घे, मग चेंडू येवो वा न येवो. पुढील चार सामन्यांत अशा किती धावा घेतल्यास आणि त्यांपैकी किती वेळा चेंडू तुझ्यापर्यंत आला, हे लिहून मला पाठव. प्रशिक्षकांशी काय बोलायचे, ते आपण त्यानंतर ठरवू.

तुझा हितचिंतक