नवऱ्याची सही लागते का?

नवरा सही करत नसेल तर गर्भपात होतच नाही का, हा प्रश्न ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या कामात सतत येतो. कधी फोनवर दबक्या आवाजात, कधी दुसऱ्याच तक्रारीच्या आडून. उत्तर एका ओळीचं आहे. बाई सज्ञान असेल आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल, तर कायद्याला फक्त तिची संमती लागते. पण एवढ्याने घरातला पेच सुटत नाही, म्हणून स्नेहलची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

स्नेहल चौतिशीची. घर वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीला, मुलगी पहिलीत. निरोध फाटला आणि दिवस गेले. ती आली तेव्हा सहा आठवडे झाले होते. ज्या नर्सिंग होममध्ये ती गेली, तिथे रिसेप्शनवरच सांगण्यात आलं, "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." आणि मिस्टर म्हणजे अमोल, त्याला हे मूल हवं होतं. सासूबाईंचं म्हणणं, देवाने ओटीत घातलेलं नाकारणं पाप आहे.

"दवाखान्यात बोर्डच होता हो ताई, गुन्हा आहे म्हणून," स्नेहल म्हणाली. तो बोर्ड गर्भलिंग निदानाचा होता. हा घोळ मी फार ठिकाणी पाहते. लिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४चा. तो हवाच, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१चा. मुलगी आहे का ते तपासून गर्भ पाडायला लावणं आणि मूलच नको असताना कायद्याने दिलेल्या मुदतीत गर्भपात करणं, या दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात एक झाल्या आहेत. त्यापायी कितीतरी बायका गप्प बसतात आणि आठवडे निघून जातात.

निरोध फाटला हे डॉक्टरांना सांगायलाही तिला लाज वाटली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली, तरी ही लाज आहेच. खरं तर गर्भनिरोधक साधन फसणं हे कायद्यानेच मान्य केलेलं कारण आहे. २०२१च्या दुरुस्तीत तर तिथला 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला, म्हणजे लग्न न झालेल्या मुलीलाही हे कारण सांगता येतं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं.

मी तिच्यापुढे संमतीचा कोरा नमुना ठेवला, फॉर्म सी. अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता, आणि मी माझ्या गर्भपातास संमती देते. खाली तिची सही. नवऱ्याचं नाव येतं ते ही बाई कोण एवढं सांगण्यापुरतं. पालकाच्या सहीची जागा आहे, पण ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. स्नेहलने तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाली, "मग ते सही का मागतात?" पुढे भांडणं नकोत म्हणून बरेच डॉक्टर मागतात. त्यांची भीती मला कळते. पण त्या भीतीचा भार बाईवर टाकणं मला मान्य नाही.

हक्क कळला म्हणून तिची झोप परतली नाही. तिला अमोलशी भांडायचं नव्हतं. मी दोघांना एकत्र बोलावलं.

अमोल मुलासाठी अडून बसला असेल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. तसं नव्हतं. तो एकुलता एक. वडील आयसीयूत होते तेव्हा दवाखाना, बँक, औषधं, पुढे स्मशान, सगळं एकट्याने केलेलं. "मला मुलगाच पाहिजे असं नाही मॅडम. आमच्यानंतर माझ्या मुलीला कुणीतरी असावं," म्हणाला आणि रडला. त्याचं दुःख खोटं नव्हतं, आणि ते ऐकून घेणं माझं काम होतं.

मग स्नेहल बोलली. पहिल्या बाळंतपणानंतर ती माहेरी, साताऱ्याला होती. अमोल तेव्हा रात्रपाळीला. "बाळ रडायला लागलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आई दार वाजवायची. सगळे म्हणायचे, सोन्यासारखं लेकरू आहे आणि ही रडते." पुढे तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे औषधं घ्यावी लागली. औषधांचं अमोलला माहीत होतं, नळाचं नव्हतं. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मी त्याला एवढंच विचारलं, की ते वर्ष पुन्हा आलं तर ते कुणाच्या अंगावर येईल?

स्नेहलशी मी एकटीशीही बोलले, हा निर्णय तिचाच आहे ना हे पाहायला. हे मी प्रत्येकीला विचारते. कोपरखैरणेची एक मुलगी आली होती, तिला मूल हवं होतं आणि सासरचे पाडायला लावत होते. तिच्या संमतीशिवाय कुणीही गर्भपात करू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

पापाच्या प्रश्नावर मी निवाडा देत नाही. स्नेहल स्वतः सोमवार करते. "महादेवाला सांगून आले," एवढंच ती म्हणाली. कौपिनेश्वरला जाऊन आली होती.

आठव्या आठवड्यात मान्यताप्राप्त केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने गोळ्या घेतल्या. गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची असते, म्हणून तुमचा निर्णय होत नसेल तरी आठवडे मोजत राहा, आणि दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. एका ठिकाणी नवऱ्याची सही मागितली तर दुसरं मान्यताप्राप्त केंद्र गाठा. तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

अमोल सोबत गेला होता. सासूबाईंना हे अजूनही पटलेलं नाही, आणि त्यांना ते पटवायची जबाबदारी स्नेहलने स्वतःवर घेतलेली नाही. अमोल मात्र अधूनमधून माझ्याकडे येतो. मुलीच्या एकटेपणाची त्याची काळजी गेलेली नाही. त्यावर आम्ही वेगळं काम करतोय. यंदा दिवाळीची सुट्टी ती साताऱ्याला मामेभावंडांत काढणार आहे, आणि तिला सोडायला तोच जाणार आहे.