सेटर मिळत नाही, शिकवला तर टिकत नाही

प्रश्न : वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं 14 माणसांचं मशीन शॉप आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, म्हणून येणाऱ्या मुलांकडे प्रमाणपत्रं असतात, पण मशीनपाशी अडतात. पारख कशी करावी?

मुलाखत मशीनपाशीच घ्या. आधी ड्रॉइंग द्या. त्यावर 25 एच7 (एच7 म्हणजे भोकाच्या मापात चालणाऱ्या फरकाची खूण) भोक असेल, तर तक्ता बघून 25.000 ते 25.021 मिमी ही मर्यादा त्याला काढता आली पाहिजे; तक्ता पाठ नसला तरी चालेल. मग मायक्रोमीटरवर बोअर गेजचं (भोकाचा आतला व्यास मोजायच्या साधनाचं) शून्य लावून तेच भोक तीन खोलींवर मोजायला सांगा. आकडे लिहिण्याआधी तो भोक पुसतो का, हे जरूर बघा.

नंतर वाइस (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, पकडणारा शिकंजा) डायल लावून सरळ करणं, जी54 मध्ये (मशीनमधल्या शून्याच्या नोंदीत) जॉबचं शून्य घेणं, टूलच्या लांबीचा ऑफसेट (मशीनला द्यायचं माप) भरणं, हे बघा. पहिला जॉब तो सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ), रॅपिड (कापत नसतानाची झपाट्याची चाल) 25 टक्क्यांवर आणून चालवतो का? थेट पूर्ण वेगाने सायकल स्टार्ट दाबणाऱ्याला घेऊ नका. ऑफसेटचं एक चिन्ह चुकलं तरी टूल जॉबमध्ये घुसतं आणि स्पिंडल दुखावतो. परीक्षेला दिवस गेला तर त्या दिवसाची मजुरी द्या.

अडणारी बरीच मुलं आधी फक्त जॉब चढवत-उतरवत होती, ऑफसेटला त्यांना कुणी हातच लावू दिलेला नसतो. म्हणून माप चोख घेणारा ऑपरेटर निवडून त्यालाच सेटर करणं छोट्या शॉपला जास्त परवडतं.

प्रश्न : शिकवलेला मुलगा मोठी कंपनी नेते. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊन दोन वर्षांचा बाँड करावा का?

प्रमाणपत्रं मुळीच अडकवू नका. ती त्या मुलाची आहेत. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही, ही अट करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. प्रशिक्षणावर खरोखर झालेला खर्च वाजवी प्रमाणात मागता येतो, पण त्याच्या पावत्या लागतात. त्यापेक्षा पगाराच्या पायऱ्या आधीच लिहून द्या : स्वतः ऑफसेट घेऊ लागला की एक वाढ, नवा जॉब एकट्याने बसवला की दुसरी. मुलं बहुधा जातात ती काम येऊनही पगार हेल्परचाच राहतो म्हणून.

अप्रेंटिसही घ्या. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा काही वाटा सरकार उचलतं. त्यासाठी करार पोर्टलवर नोंदवावा लागतो. मात्र त्याला झाडू मारायला लावलंत, तर वर्षअखेर हाती काहीच लागणार नाही.

प्रश्न : वय 42, आर्क वेल्डिंग येतं. टिग (टंगस्टनचं टोक आणि आर्गॉन वायू वापरून केलेलं वेल्डिंग) आता जमेल का?

जमेल. माइल्ड स्टीलवर डीसी, टॉर्च ऋण टोकाला, 2.4 मिमी टंगस्टन, आर्गॉन मिनिटाला 8 ते 12 लिटर. आधी फिलर (भरणीची तार) न घालता सरळ रेघा ओढा, मग प्लेट, शेवटी पाइप. वेल्डमध्ये छिद्रं पडली तर पहिल्यांदा पंखा बंद करा. वाऱ्याने आर्गॉन उडून जातो. प्रेशर व्हेसलच्या कामात 6जी, म्हणजे 45 अंशात पक्का बसवलेला पाइप, ही परीक्षा विचारली जाते. सराव तिथपर्यंत न्या.