मामांच्या खोक्यातल्या ‘सीएमजे’च्या सीड्या

तुमचे मामा अमेरिकेहून कायमचे परतले, त्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या चाळीसेक सीड्या निघाल्या, सगळ्यांवर ‘सीएमजे’ लिहिलंय, आणि लॅपटॉपला लावल्या की नुसतं ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ दिसतं. विकून काही मिळेल का, हा तुमचा प्रश्न. मिळेल, चहापाण्यापुरतं. पण टाकू नका. खोक्यात मासिकं असतील तर ती रद्दीत मुळीच घालू नका, का ते पुढे सांगतो.

सीएमजेचं मूळ नाव कॉलेज मीडिया जर्नल. रॉबर्ट हेबर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं हे पत्रक सामान्य वाचकांसाठी नव्हतंच, कॉलेज रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे विद्यार्थी चालवतात त्या रेडिओ केंद्रांसाठी होतं. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झच्या मधला पट्टा अशा बिगर-व्यावसायिक केंद्रांना राखून ठेवलेला असतो. तिथे रात्री दोन वाजता एखादं पोरगं कुणी न ऐकलेला बँड तासभर लावू शकतं, कारण जाहिरातदार बिथरायची भीतीच नाही. ही केंद्रं काय वाजवलं ते सीएमजेला कळवत आणि त्यावरून क्रमवारी निघे. १९९३ मध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी ‘सीएमजे न्यू म्युझिक मंथली’ काढलं, सोबत सीडी. तुमच्याकडची खाण बहुधा तीच.

मी १९९७ला न्यू जर्सीत एमएस करत होतो. नवी सीडी पंधरा-सोळा डॉलरला, आणि घ्यायची ती एका गाण्याच्या भरवशावर. बाकीची दहा भिकार निघाली की आठवडाभर जेवणाचे हाल. हे मासिक तिच्या निम्म्याहून कमी किमतीत यायचं, वर सतरा-अठरा गाणी, सगळी वेगवेगळ्या बँडची. कंपन्यांना जाहिरात, आम्हाला फुकटचा बाजार. ‘फुकट’ म्हणायचं खरं, पण त्या सीडीच्या नादाने नंतर जे पैसे उडवले, त्यांचा हिशेब बायकोला अजून दिलेला नाही.

आता नावांचं. साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. सीडी-टेक्स्ट ही सोय १९९६ मध्ये आली, पण फार थोड्यांनी वापरली. कॉम्प्युटर ट्रॅकांच्या लांबीवरून सीडी ओळखतो आणि नावं इंटरनेटवरच्या यादीतून आणतो. फ्रीडीबी ही अशी जुनी यादी २०२० मध्ये बंद झाली. म्युझिकब्रेन्झ या साइटवर शोधा, नाहीतर डिस्कॉग्स या साइटवर अंकाचा महिना आणि साल टाका. लोकांनी हाताने भरलेल्या याद्या आहेत त्या, त्यामुळे गायक गाण्याच्या जागी आणि गाणं गायकाच्या जागी असले घोळ सर्रास सापडतील. अशा वेळी मासिक लागतं. सीडीवर कोण आहे ते त्यात छापलेलं असे, शिवाय परीक्षणांत ‘अमुक आवडत असेल तर हे ऐका’ अशी छोटी यादी. मी घर बदलताना वजन नको म्हणून सगळे अंक फेकले. आज एका सीडीवरचं अकरावं गाणं तोंडपाठ आहे, पण ते म्हणणारी बाई नंतर कुठे गेली याचा पत्ता नाही.

गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये. ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ टाका, नाहीतर एका सीडीचे अठरा अल्बम होऊन बसतील. सीडी पाकिटातून ओढू नका, पाकीट दोन्ही कडांनी हलकं दाबा म्हणजे तोंड उघडतं. आणि छापलेल्या बाजूला जास्त जपा. चकचकीत बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिशने निघतो, पण माहितीचा थर असतो वरच्या छपाईच्या लगेच खाली. तिथे खरवडलं की गाणं गेलं.

विक्रीबद्दल कुणीतरी तुमच्या प्रश्नाखाली ‘प्रमोशनल (म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेली) सीडी विकणं बेकायदा’ असं ठोकून दिलंय. अमेरिकेत युनिव्हर्सल या संगीत कंपनीने ट्रॉय ऑगस्टो या विक्रेत्यावर नेमका हाच दावा लावला होता. अपील कोर्टात २०११ मध्ये कंपनी हरली. ती तर रेडिओवाले, समीक्षक अशांना फुकट पाठवलेल्या सीड्यांची गोष्ट. मामांनी रीतसर पैसे मोजून मासिक घेतलंय.

एकेकटी विकायला गेलात तर टपालखर्चही सुटणार नाही. अंक आणि सीडी जोडीने असेल तरच कुणी विचारेल. १९९३-९४चे अंक निघाले तर महिने इथे लिहा, त्यातल्या दोन महिन्यांचे अंक मीच शोधतोय.